न्यू नदीच्या दरीत चार दिवस

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून एक नदी वाहते. तिचे नाव 'न्यू रिव्हर', म्हणजे नवी नदी. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र तिला जगातल्या अतिप्राचीन नद्यांत धरतात. ॲपलाचियन डोंगर कापत ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि वाटेत तिने एक खोल दरी कोरली आहे. या दरीच्या दोन्ही काठांवर एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या. आज त्यांच्या जागी दाट रान आहे. डिसेंबर २०२० मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

दरीवर पोलादी कमानीचा एक पूल आहे. तो १९७७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीच्या पाण्यापासून त्याची उंची ८७६ फूट आहे. आपला कुतुबमिनार एकावर एक असा तीन वेळा उभा केला, तरी त्याचे टोक या पुलाला टेकणार नाही. पूल होण्यापूर्वी गाड्या वळणावळणाच्या अरुंद रस्त्याने नदीपर्यंत उतरत आणि पलीकडचा डोंगर चढत. त्याला पाऊण तास लागे. आता एका मिनिटात माणूस पलीकडे पोहोचतो.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे न्यू जर्सीहून तिथे गेलो, ते आरव्हीने. आरव्ही म्हणजे चाकांवरचे छोटे घर. पुढे ट्रकसारखी केबिन, मागे पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, बेसिन आणि संडास-न्हाणी. धाकटी लेक कॉलेजच्या वसतिगृहात गेल्यापासून घर सुनेसुने झाले होते. तिनेच फोनवर सांगितले, "अम्मी, अब्बांना घेऊन कुठेतरी जाऊन या. नाहीतर तुम्ही दोघे दिवसभर मलाच फोन करत बसाल." आम्ही गाडी भाड्याने घेतली. साधारण पंचवीस फुटांपर्यंतची भाड्याची आरव्ही चालवायला इथे नेहमीचा परवाना पुरतो. पण पहिल्या दिवशी हे स्टिअरिंगवर असे बसले होते, जणू मुंबई-गोवा महामार्गावर एसटी चालवायची आहे.

आरव्हीचा एक मोठा फायदा आपल्यासारख्यांना लगेच कळतो. हलाल जेवणाची शोधाशोध करावी लागत नाही. मी घरूनच खिमा आणि कोंबडी शिजवून, डबे गोठवून घेतले होते. तांदळाचे पीठ, मसाल्याची बाटली, आगळ, सगळे कपाटात. फक्त सुकट बरोबर घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. बंद गाडीत सुकट भाजली, तर वास पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल.

शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेला, मग पश्चिमेला डोंगरात असा दोन दिवसांचा रस्ता. मुक्काम कॅम्पग्राउंडवर. तिथे प्रत्येक गाडीला ठरलेली जागा, विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायची सोय असते. जागा उताराची असेल, तर चाकाखाली ठोकळे घालून गाडी समतल करायची. नाहीतर रात्रभर डोक्याकडे रक्त उतरते आणि भाकरीचे पीठ एका बाजूला सरकते.

गाडीत तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. जिथे नळ जोडता येत नाही, तिथे पहिली टाकी रिकामी होत जाते आणि दुसरी भरत जाते. दोन्हींचे काटे समोर दिसतात. घरी नळ सोडून वुजू करणाऱ्या माणसाला हे काटे फार काही शिकवतात. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीभर पाण्यात वुजू करत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या गाडीत आम्ही लोटा भरून घेतला आणि ते किती शक्य आहे हे पाहिले. पहिल्या दिवशी दोन लोटे लागले, तिसऱ्या दिवशी अर्ध्यात भागले.

किब्ल्याचीही एक गंमत सांगते. नकाशावर मक्का अमेरिकेच्या पूर्वेला आणि जरा दक्षिणेला दिसते. पण पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळची वाट वरून, उत्तर अटलांटिककडून वळून जाते. म्हणून तिथून किब्ला ईशान्येला येतो. सफरीत असल्यामुळे जोहर, असर आणि इशाची नमाज कसर. सकाळी गवतावर चटई अंथरली, तेव्हा शेजारच्या गाडीतले म्हातारे आजोबा आपला कुत्रा घेऊन मुद्दाम लांबून गेले. नंतर येऊन म्हणाले, "तुमची प्रार्थना चालली होती, म्हणून याला आवरले." जाताना शेकोटीसाठी चार लाकडे देऊन गेले. ती त्यांनी तिथेच विकत घेतली होती. दूरवरून लाकूड आणू नका, अशा पाट्या सगळीकडे होत्या. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी झाडांवर चढल्यावर कळले.

झाडांवर चढायची कल्पना माझी होती. दरीच्या काठच्या रानात झिपलाइनची सफर असते. उंच झाडांच्या खोडांभोवती लाकडी मचाणे बांधलेली असतात. एका मचाणावरून दुसऱ्यावर पोलादी तार ताणलेली असते. अंगात पट्टे चढवायचे, ते कडीने एका कप्पीला अडकवायचे, आणि कप्पी तारेवरून घसरत माणसाला पलीकडे नेते. मधे कुठे झुलते पूल असतात. हिमालयात नदी ओलांडायला दोरावरून पाटीत बसून जातात, त्याचीच ही करमणुकीची बहीण. रानाच्या शेंड्यांत जाण्यासाठी दोरांचा असा वापर १९७० च्या दशकात कोस्टा रिका देशातल्या जंगलांत संशोधकांनी सुरू केला. डोनाल्ड पेरी हे त्यांतले एक जीवशास्त्रज्ञ. उंच झाडांच्या माथ्यावर जी जीवसृष्टी असते, ती जमिनीवरून दिसतच नाही, म्हणून त्यांना वर जायचे होते. मागून पर्यटक आले.

ह्यांना उंचीची भीती आहे. आदल्या दिवशी पूल ओलांडताना ह्यांनी मान एका अंशानेही वळवली नव्हती. तरी म्हणाले, "तू जाणार, तर मी खाली उभा राहून काय करू?"

आधी वजन करतात. फार हलका माणूस मधेच थांबतो, फार जड माणूस वेगाने आदळतो, म्हणून दोन्हीकडची मर्यादा ठरलेली असते. मग पट्टे. मी आधीच सांगितले, की माझे पट्टे बाईने बांधावेत. गाइड म्हणून एक तरुण मुलगी आणि एक तरुण मुलगा होता. मुलगी लगेच पुढे आली. ढगळ कुर्त्याखाली पायजमा आणि बंद बूट घातले होते. स्कार्फ पिनेशिवाय घट्ट बांधला आणि त्यावर हेल्मेट बसले. सुटे टोक कुर्त्यात खोचायला तिने सांगितले, कारण कप्पीत कापड अडकू शकते. ज्या बहिणींना असे काही करायचे असेल, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. कुणी आपल्याकडे नवलाने पाहिले नाही. आपले सगळे बांधलेले आहे की नाही, हेच तेवढे पाहिले.

आणि तेही किती वेळा! जमिनीवर एकदा, पहिल्या मचाणावर पुन्हा, प्रत्येक तारेआधी परत. पट्ट्याला दोन दोर असतात. एक कडी काढण्यापूर्वी दुसरी अडकवायची, हा नियम. म्हणजे झाडावर असताना माणूस एक क्षणही मोकळा नसतो. ह्यांनी त्या मुलीला विचारले, "आमचे तुम्ही तपासता, तुमचे कोण तपासतो?" ती म्हणाली, "माझे तो तपासतो, त्याचे मी. स्वतःचे स्वतः तपासलेले आम्ही धरत नाही."

पहिल्या तारेवर मी आधी गेले. मला वाटले होते, उडी मारायची असते. मुलगी म्हणाली, "उडी नको. खुर्चीत बसतात तसे पट्ट्यांत बसा. दोराला तुमचे वजन घेऊ द्या, मग पाय उचला." बिस्मिल्लाह म्हणून बसले. तार ताणली गेली, पाय सुटले, आणि कानाशी कप्पीचा घरघराट सुरू झाला. खाली ऱ्होडोडेंड्रॉनची हिरवी जाळी, मधून एक ओढा, दोन्ही बाजूंना काळसर हिरव्या झाडांच्या फांद्या मागे पळत होत्या. थांबायचे असेल, तेव्हा जाड चामड्याचा मोजा घातलेला हात डोक्यामागे तारेवर दाबायचा. दहा-बारा सेकंदांत मी पलीकडच्या मचाणावर उभी होते आणि मागे वळून पाहत होते.

हे मचाणाच्या कडेला उभे होते. मी इथे, हे तिथे, मधे दरी. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. विमानतळावर, इस्पितळात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे एकमेकांचा हात धरून किंवा निदान बाजूला उभे राहून गेलो. इथे एका तारेवर एकच माणूस जातो. दुसऱ्याला फक्त पलीकडे थांबता येते. मी ओरडले नाही. ह्यांना ओरडलेले आवडत नाही. मी फक्त हात वर केला. हे काही क्षण खाली पाहत राहिले, मग कडी दोनदा ओढून पाहिली, ओठ हलले, आणि बसले.

तिसऱ्या तारेवर ह्यांनी हात फार लवकर दाबला आणि मचाणापासून दहा हात अलीकडे, अधांतरी थांबले. गाइडने शांतपणे सांगितले, तसे वळून पाठमोरे झाले आणि तार एका हातामागून दुसऱ्या हाताने ओढत आले. वर पोहोचले, तेव्हा घामाने थबथबले होते आणि हसत होते. म्हणाले, "आता खरी भीती गेली. लटकलो, तरी पडत नाही हे कळले."

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित (स.) म्हणाले होते की आधी बांध, मग भरवसा ठेव. ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या मचाणावर मला तिची एक बाजू नव्याने दिसली. माझा उंट मी एकटीने बांधला नव्हता. सकाळी पाहुणे येण्याआधी कुणीतरी प्रत्येक तार पाहून गेले होते. माझा तवक्कुल अनोळखी माणसांच्या कामावरही उभा होता. त्यांनी आपली अमानत सांभाळली, म्हणून मला निर्धास्त बसता आले.

मचाणे ज्या झाडांवर होती, ती झाडेसुद्धा अशीच सांभाळलेली होती. ती हेमलॉक नावाची सूचिपर्णी झाडे. शेकडो वर्षे जगतात. त्यांच्या दाट सावलीत डोंगरी ओढ्यांचे पाणी गार राहते आणि त्या गारव्यावर ट्राउट मासे जगतात. जपानमधून आलेली एक बारीक कीड या झाडांच्या मुळावर उठली आहे. पूर्व अमेरिकेत ती १९५१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ प्रथम आढळली. फांदीवर, पानांच्या बुडाशी कापसाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. कीड रस शोषते आणि काही वर्षांत झाड वाळते. पूर्वेकडच्या डोंगरांतली हेमलॉकची किती राने अशी करडी सांगाडे होऊन उभी आहेत. उपाय म्हणजे एकेका झाडाच्या मुळाशी किंवा खोडात औषध देणे, आणि काही वर्षांनी पुन्हा देणे. कीड खाणारे भुंगेरेही सोडले जातात. आम्ही ज्या खोडाला टेकून उभे होतो, त्याला औषध दिलेले होते. लाकडातून दुसऱ्या किडीही अशाच गावोगाव पसरतात, म्हणून लाकूड दूरवर न नेण्याच्या त्या पाट्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच नदीच्या काठाने थोडे पुढे, हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी गेलो. ॲन्स्टेड गावाजवळचे हे छोटे सरकारी उद्यान आहे. कठड्यावरून खाली नदी आणि तिच्यावरचे धरण दिसते. दृश्य फार सुंदर आहे. लोक फोटो काढून निघून जातात. रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे, ती थांबून वाचावी.

१९३० मध्ये इथे डोंगराच्या पोटातून सुमारे तीन मैल लांबीचा बोगदा खणायला घेतला. नदीचे पाणी त्यातून वळवून वीज तयार करायची होती. जगात मंदी होती, काम कुठेच नव्हते. दक्षिणेकडच्या राज्यांतून माणसे आली. सुमारे ३,००० माणसांनी बोगद्यात काम केले, त्यांत बहुसंख्य काळे मजूर होते. खडक जवळपास निव्वळ सिलिकाचा, आपल्या गारगोटीसारखा. असा खडक फोडताना पाणी मारले, तर धूळ बसते, पण काम सावकाश होते. म्हणून कोरडाच फोडला. मजुरांना तोंडाला बांधायला मास्क दिले नाहीत. ती धूळ फुप्फुसांत बसली. सिलिकोसिस सहसा अनेक वर्षांनी होतो, इथे माणसे काही महिन्यांत मेली. १९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली, तेव्हा मृतांचा आकडा ४७६ पुढे आला. पुढे १९८६ मध्ये मार्टिन चर्नियाक या डॉक्टरांनी कागदपत्रे तपासून ७६४ असा अंदाज मांडला. अनेकांना खुणेशिवाय पुरले गेले. उत्तरेला समर्सव्हिलजवळ अशा काही मजुरांची दफनभूमी आहे. आम्ही ज्या एकोणीस क्रमांकाच्या महामार्गाने आलो, तो रुंद करताना १९७२ मध्ये त्यांची थडगी हलवून तिथे नेली.

बोगदा ज्या कंपनीसाठी खणला गेला, ती युनियन कार्बाइडची उपकंपनी होती. ते नाव वाचून हे माझ्याकडे पाहू लागले. १९८४ च्या भोपाळची ती रात्र घडली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. जगाच्या दोन टोकांना, चोपन्न वर्षांच्या अंतराने, तेच नाव.

दफनभूमी लहान आहे. झाडी, गवत आणि शांतता. बहुतेक मजूर ख्रिस्ती असावेत. आम्ही तिथे उभे राहिलो आणि इतकेच मागितले, की ज्यांचा इथे कुणी वाली नव्हता, त्यांचा हिशेब अल्लाहने ठेवावा. गाडीत परतल्यावर बराच वेळ दोघेही बोललो नाही. मग हे म्हणाले, "काल मजेसाठी लटकलो, तर मला दहा वेळा तपासले. या लोकांनी पोटासाठी काम केले, त्यांना एक ओला फडका दिला नाही."

मला मुंबईतली आमची सोसायटी आठवली. बाहेरून रंग काढायचा असला, की बांबूच्या परांचीवर पाचव्या मजल्यावर मुले उभी राहतात. पायात चप्पल, कमरेला काही नाही. खाली आपण चहा पाठवतो आणि रंगाची छटा बरोबर आली का, ते पाहतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण मानतो आणि पैसे वेळेवर देतो. त्याचा जीव त्या दिवसापुरता आपल्याकडे अमानत आहे, हेही त्याच शिकवणीतले आहे. ठेकेदार ठरवताना दराबरोबर दोन प्रश्न विचारता येतात: कमरेचा पट्टा आहे का, आणि तो अडकवायची जागा कुठे आहे? दगड घासणाऱ्या कारागिराकडून घरातला ओटा बसवून घेताना तोंडावर मास्क आणि दगडावर पाणी एवढे मागता येते. खर्च थोडा वाढेल. वाढू द्यावा.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि नायगारा पाहावेच. पण चार दिवस हाताशी असले, तर वेस्ट व्हर्जिनियाला जावे. न्यू जर्सीहून साधारण पाचशे मैल पडते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला, डोंगर लाल-पिवळा होऊ लागतो. आरव्ही घेतली, तर नदीकडे उतरणाऱ्या जुन्या अरुंद रस्त्यावर ती नेऊ नये. तिथे छोटी मोटारच वळते. कॅम्पग्राउंडची जागा आधी राखून ठेवावी. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी, म्हणजे पेट्रोल पंपाचे छप्पर दिसले की आठवते.

गाडी परत करून घरी आल्यावर लेकीचा फोन आला. तिने विचारले, "अब्बा घाबरले का?" ह्यांनीच फोन घेतला. म्हणाले, "घाबरलो. पण आधी तपासले, मग बसलो." आणि पुढचा अर्धा तास तिला बोगद्याची गोष्ट सांगत राहिले. ती त्याच विषयावर वर्गात निबंध लिहिणार आहे, असे आता कळवले आहे. आमच्या मुंबईच्या सोसायटीच्या सचिवांना ह्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. पुढच्या उन्हाळ्यात इमारतीला रंग काढायचा आहे. पट्ट्यांचा खर्च आमच्या हिश्श्यातून जास्त घ्या, असे त्यांना सांगितले आहे.